सावकार हिंदुस्थान, कर्जदार ब्रिटन

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वर्गात म्हणे कौतुकाने सांगितलं की दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेकडून घेतलेलं ३७५ कोटी डॉलरचं कर्ज ब्रिटनने २००६ च्या डिसेंबरात शेवटचा हप्ता भरून फेडलं. खरं आहे. पण त्याच युद्धापायी ते आपलंही देणं लागत होते. ते कुणी सांगितलं का?

त्याआधी उलटा रिवाज होता. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चसुद्धा त्यांनी हिंदुस्थानच्याच खात्यावर टाकला. १९३९ मध्ये ब्रिटन आणि हिंदुस्थान सरकार यांच्यात झालेल्या करारात मात्र ठरलं की नेहमीचा आणि देशाच्या बचावाचा लष्करी खर्च आपला, बाकीचा लंडनचा. कागदावर न्याय्यच वाटतं. खरी गोम पुढे आहे. धान्य, कापड, तंबू, बूट इथून जाणार, सैनिक इथले (शेवटी फौज २५ लाखांवर गेली), आणि पैसे? ते लंडनमध्ये पौंडांत रिझर्व्ह बँकेच्या नावे जमा, युद्ध संपेपर्यंत मनाजोगे खर्च करता येणार नाहीत. इथल्या व्यापाऱ्याला आणि शिपायाला तर रुपयेच द्यायला हवेत. मग त्या पौंडांच्या तारणावर बँक नोटा छापत राहिली. युद्धाच्या काळात चलनातल्या नोटा सहापटीच्या आसपास वाढल्या, आणि माल तर बाहेर चाललेला. महागाई अशी भडकली की मजूर आणि भूमिहीन माणूस आधी भरडला गेला. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात सुमारे ३० लाख माणसं गेल्याचा अंदाज आहे. त्याची कारणं बरीच, पण ही महागाई त्यातलं मोठं कारण.

म्हणजे कर्ज ब्रिटनने काढलं आणि उपाशी राहिला तो सावकार! लष्करी खर्चाने देश कर्जबाजारी होतो हे पुस्तकात असतंच. त्या कर्जाचा भार कोण वाहतो, हे मात्र चलन कुणाचं आणि सत्ता कुणाची यावर ठरतं, असं मला वाटतं.

१९४६ पर्यंत आपलं येणं सुमारे १३० कोटी पौंड झालं होतं. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला भरलेल्या जागतिक चलन परिषदेत आपल्या शिष्टमंडळाने मागणी केली की निदान काही भाग तरी नव्या आंतरराष्ट्रीय नाणेनिधीमार्फत इतर चलनांत मोकळा करून द्या. त्या शिष्टमंडळात आपले सी. डी. देशमुख होते, रोह्यात वाढलेले, रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. ब्रिटनतर्फे अर्थशास्त्रज्ञ केन्सने नकार दिला: हा आमचा आणि आमच्या सावकारांचा आपसातला मामला आहे. पाटलाने वाण्याकडून उधारी करावी आणि वाण्याने वसुलीला वाड्यावर जाताना दहादा विचार करावा, तशी गत.

स्वातंत्र्यानंतरही रक्कम एकदम हाती आली नाही. १९४८ च्या करारात तर त्यांनी इथे सोडलेल्या लष्करी सामानाचे आणि बांधकामांचे १० कोटी पौंड आपल्या येण्यातूनच वळते झाले. गोऱ्या अधिकाऱ्यांच्या पेन्शनचीही तरतूद त्यातूनच. सप्टेंबर १९४९ मध्ये पौंडाचं अवमूल्यन झालं, तेव्हा उरलेल्या रकमेची डॉलरमधली किंमत तीस टक्क्यांनी घसरली. देशमुखांनी आणि इतरांनी चिकाटीने घासाघीस केली म्हणून पूर्ण बुडीत तरी गेली नाही. तो पैसा पुढे आयातीला कामी आला.

ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसची, म्हणजे लंडनहून हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या खात्याची, दप्तरं आहेत. वेळ मिळाला तर १९३९ च्या कराराचा पत्रव्यवहार काढून बघ आणि काय सापडतं ते मला लिही. थंडी वाढली असेल, स्वेटर घालत जा.

तुझा,
बाबा