नेत्रतपासणीच्या मॅडमना मनापासून

आदरणीय मॅडम,

शिबिरात एवढ्या बाया होत्या, माझं नाव तुम्हाला आठवणार नाही. डाव्या अंगठ्याला 3 टाके पडलेली, काजू कारखान्यातली बाई म्हटलं तर कदाचित आठवेल.

वेंगुर्ल्याजवळ 17 वर्षं मी काजू फोडते. वाफवलेली बी डाव्या हाताने पात्यांमध्ये धरायची, पायाने पेडल दाबायचं, उजव्या हाताने दांडा उचलायचा. बोट आणि पातं यांच्यामध्ये काय ती बीच. दोन वर्षांपासून तीच मला धूसर दिसायला लागली. गराचे तुकडे वाढले, आणि तुकड्याला अख्ख्या गराचा भाव मिळत नाही. मुकादमाला सांगायला गेले तर म्हणाला, "तुझा लक्ष खय असता?" अंगठा कापला तेव्हाही तेच. डोळ्यांचं कुणी विचारलंच नाही. जत्रेतून तयार चष्मा आणला, त्याने पेपर दिसे, पातं दिसेना.

तुम्ही आधी तक्ता वाचून घेतलात. मग म्हणालात, "मावशी, बी कशी धरता, दाखवा बघू." मी हवेतच चिमूट धरली. तुम्ही खुर्चीवरून उठलात, टेप काढलीत आणि माझ्या डोळ्यापासून चिमटीपर्यंत लावलीत. 22 इंच. पेपर आपण त्याहून बराच जवळ धरतो, म्हणून तो चष्मा मशीनवर चालत नव्हता. कार्ड 22 इंचांवर धरून तुम्ही नंबर काढलात.

टरफलाच्या तेलाने माझी बोटं काळी पडलीत, सालं गेलीत. बाजारात सुट्टे पैसे घेतानाही लोक हात आखडतात. तुम्ही तीच बोटं हातात धरून टेप लावलीत. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, यात तुमचा काही दोष नाही, असं म्हणालात. दोन वर्षं मी माझंच लक्ष नाही असं समजत होते, मॅडम. घरी येऊन खूप रडले.

एवढ्या गर्दीत कुणी आपल्या कामाची चौकशी करतं, हे मी सगळ्या वाडीला सांगितलं. तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून आमच्यासारख्यांना सरकारी दवाखान्याची पायरी चढायचा धीर होतो.

आता बीची कड स्वच्छ दिसते. पुढच्या शिबिराला आमच्यातल्या पाचजणी येतायत. त्यातली एक फार लाजते, काही बोलायची नाही. तिलाही बी धरून दाखवायला सांगा.

आपली,
काजू कारखान्यातली एक कामगार