घड्याळ काढून खिशात टाकलंत, त्याबद्दल

फिजिओताई,

हे पत्र उजव्या हाताच्या एका बोटाने लिहितोय. ते अजून माझं ऐकतं, बाकीच्यांनी कधीच राजीनामे दिलेत. कुठे चुकलं असेल तर खोडायला जाणार नाही. तेवढ्या कष्टात एक नवं वाक्य होतं.

एएलएस, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी हळूहळू मरत जाण्याचा आजार, झालाय म्हटल्यावर हातापायांचं काय होणार ते सगळ्यांनी सांगितलं. खोकल्याचं कुणी बोललं नाही. मलाही कुठे ठाऊक होतं की खोकणं हे एवढं अंगमेहनतीचं काम आहे? आधी छाती भरून श्वास, मग घसा गच्च बंद, मग पोटाचा दणका. तिन्ही ठिकाणी स्नायू लागतात आणि माझे तिन्हीकडचे थकत चालले होते. कफ छातीत जाणवायचा, घरघर बाहेरच्या खोलीत ऐकू जायची, आणि मी आपला मांजराच्या पिल्लासारखा खुक् खुक् करत बसलेला. तासन्‌तास.

तुमच्याआधी ज्यांच्याकडे गेलो त्यांतल्या एकांनी अ‍ॅलर्जी म्हटलं, एकांनी पित्त. एकांनी खोकला दाबायचं सिरप लिहून दिलं. ज्याला धड खोकताच येत नाही त्याचा खोकला दाबायचा! लाळ गळते म्हणून ती सुकवायच्या गोळ्या मिळाल्या. लाळ कमी झाली खरी, पण कफ डिंकासारखा चिकट झाला. असं होऊ शकतं, हे गोळ्या देताना कुणी सांगितलं नाही. आणि एक महाशय दर वेळी माझ्या बायकोकडे बघून म्हणायचे, "त्यांना जरा जोर लावायला सांगा." मी समोरच बसलेलो असायचो.

राग अजून गेलेला नाही. असो.

तुम्ही पहिल्यांदा आलात तेव्हा नेमकी मला उबळ आली. घोटभर पाण्याने. (पातळ पाणीच सगळ्यात दगाबाज, हे नंतर तुम्हीच सांगितलंत.) उबळ आली की माझ्याभोवती काय होतं ते ठरलेलं आहे. कुणी पाठीवर धपाटे घालतं, कुणी आणखी पाणी पुढे करतं, कुणी नजर वळवून भिंत बघतं. तुम्ही मनगटावरचं घड्याळ काढलंत, खिशात टाकलंत, स्टूल ओढून समोर बसलात आणि म्हणालात, "होऊ द्या. मी आहे इथे."

घड्याळ काढायचं कारण अगदी साधं असेल. पुढे माझ्या पोटावर हात ठेवायचा होता, पट्टा टोचू नये म्हणून. पण वर्षभर मी बघत होतो, समोरचा माणूस माझा खोकला कधी संपतो याची वाट बघत असायचा. म्हणजे मग त्याला निघता येईल. तुम्हाला कुठे जायचंच नव्हतं, असं मला त्या घड्याळामुळे वाटलं. तुमच्या मनात तसं काही नसेल, तरी ते माझ्यापाशी राहू द्या.

उबळ ओसरल्यावर प्रश्न तुम्ही मला विचारलात, बायकोला नाही. मी उत्तर टाइप करत होतो तेव्हा अर्ध्या शब्दावर अंदाजही बांधला नाहीत.

मग खोकल्याचा जोर मोजणाऱ्या मीटरमध्ये खोकायला लावलंत. मिनिटाला १८० लिटर. आकडा लपवला नाहीत. धडधाकट माणसाचा ३६० च्या वर असतो, २७० च्या खाली गेला की साधी सर्दीसुद्धा छातीत उतरून जड जाऊ शकते, आणि १६० च्या खाली आपल्या आपण कफ काढणं जवळपास बंदच. ऐकून मला बरं वाटलं, याचं कुणालाही नवल वाटेल. पण "जोर लावा" ऐकून ऐकून कान किटलेल्या माणसाचा जोर कुणीतरी पहिल्यांदाच मोजला होता. म्हणजे मी आळस करत नव्हतो.

पिशवीने श्वासावर श्वास भरणं, नेमक्या क्षणी बरगड्यांखाली हाताचा दाब, हे सगळं इथे लिहीत नाही. ते समोर बसून शिकायचं असतं, वाचून नाही. पण त्या दिवशी जो गोळा बाहेर पडला, तो तुम्ही टिश्यूवर मला दाखवलात! बायकोने तोंड फिरवलं. आपण दोघं मात्र मासा गळाला लागल्यासारखे खूश.

पुढे हवा भरून झटक्यात ओढून घेणारं मशीन आलं. सक्शन घरात होतंच, पण ते तोंडाघशातलं काढतं, खोल छातीतलं नाही, हेही तोवर कुणी सांगितलं नव्हतं. दाब तुम्ही बेताबेताने वाढवलात, कारण घसा दुबळा असला की जास्त दाबाने तोच मिटू शकतो. आणि मला खूण दिलीत, भुवया वर केल्या की मशीन बंद. खरं सांगू? दोनदा मी नुसतं तपासायला भुवया वर केल्या. दोन्ही वेळा थांबलात. का, ते विचारलं नाहीत.

एका रात्री घसा एकदम आवळला, श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज. बायकोने तुम्ही शिकवल्याप्रमाणे मला पुढे झुकवलं आणि "नाकाने, सावकाश" म्हणत राहिली. सुटला घसा. तुम्ही नव्हता तिथे, पण होतात.

आकडा पुढे उतरणार आहे, हेही तुम्ही सांगून ठेवलंय. खोटा धीर न देता माणसाजवळ बसता येतं, हे मी फार उशिरा पाहिलं. मी नोकरीत असताना किती जणांसमोर घड्याळ बघत बसलो असेन, याचा हिशेब आता रात्री करतो.

हे लिहिताना मध्येच एकदा कफ अडकला. बायको आतून आली, हातातलं घड्याळ काढून टेबलावर ठेवलं, माझ्या पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "हं, आता." निघाला.