ती पायपीट राहू द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

जुन्या ऑनलाइन गेम नव्याने बाजारात आणण्याच्या लाटेवर गेल्या रविवारच्या पुरवणीत एक लेख आला होता. 'नव्या बाटलीत जुनी दारू' असा त्याचा सूर होता. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' या ऑनलाइन गेमचं जुनं रूप पुन्हा आणणाऱ्या 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट क्लासिक'चं उदाहरण देऊन लेखकाने म्हटलं होतं, की ढळढळीत उणिवा पंधरा वर्षांनीही तशाच ठेवणं हा निव्वळ आळस आहे. मी हा गेम २००६ मध्ये खेळले आणि २०१९ पासून पुन्हा खेळते आहे. उणिवा आहेतच, लेखकाने मोजल्या त्याहून जास्त आहेत. पण त्या आळसापोटी राहिल्या हे मला पटलं नाही, आणि सगळ्या काढून टाकाव्यात हे तर मुळीच पटलं नाही.

आधी आळसाबद्दल. मूळ गेम २३ नोव्हेंबर २००४ रोजी आला, क्लासिक २०१९ च्या ऑगस्टअखेरीस. मधल्या वर्षांत मूळ जगाची इतकी मोडतोड झाली होती, की जुना प्रदेश नुसता बघायला जावं म्हटलं तरी तो कुठे उरला नव्हता. तो परत उभा करताना ब्लिझार्ड या गेमच्या कंपनीने २००६ च्या १.१२ या पॅचचा, म्हणजे तेव्हाच्या सुधारित आवृत्तीचा डेटा घेतला आणि आजच्या इंजिनवर चालवला. आता, नव्या इंजिनला जुन्या खोडी आपोआप लागत नाहीत, त्या लावाव्या लागतात. जुने सर्व्हर स्पेलचा, म्हणजे मंत्रांचा हिशेब सुमारे ४०० मिलिसेकंदांच्या टप्प्याने एकदम करायचे. त्यामुळे दोन मेज (जादूगार) एकाच क्षणी एकमेकांना मेंढी करून टाकायचे, दोन वॉरियर एकमेकांवर धावून जात आणि चक्क जागांची अदलाबदल होई. नव्या सर्व्हरना हे काम चुटकीसरशी जमतं, तरी क्लासिकमध्ये ती दिरंगाई मुद्दाम पुन्हा बसवली गेली. आळशी माणूस एवढा खटाटोप करत नाही.

मे २०१९ मध्ये चाचणी चालू असताना खेळाडूंनी इतक्या 'चुका' कळवल्या, की 'या चुका नाहीत, गेम असाच होता' अशी यादीच ब्लिझार्डला प्रसिद्ध करावी लागली. टॉरेन या बैलमुखी वंशाचा हात इतरांपेक्षा लांब पोहोचतो. मारलेले प्राणी पुन्हा यायला खूप वेळ लागतो. क्वेस्टची, म्हणजे दिलेल्या कामगिरीची जागा नकाशावर दिसत नाही. सगळं बरोबर, असंच होतं! ती यादी वाचताना मला जाणवलं, की ज्या गेमसाठी आपण इतकी वर्षं हळहळत होतो तो नेमका कसा होता हे आपणच विसरून गेलो होतो.

आता ज्या उणिवेवर लेखकाचा सगळ्यात जास्त राग आहे, तिच्याकडे येते. चालणं. चाळिसाव्या लेव्हलपर्यंत स्वारीला जनावर मिळत नाही, आणि मिळतं तेव्हाही शिकण्याचे आणि जनावराचे मिळून सुमारे १०० सोन्याची नाणी मोजावी लागतात. तोवर सगळीकडे पायी.

मी आणि माझा दादा, दोघांनी नाइट एल्फ या वंशाची पात्रं घेतली. तो हंटर (शिकारी), मी प्रीस्ट (जखमा बऱ्या करणारी). २००६ मध्ये आमच्यात एकच कॉम्प्युटर होता. तो खेळायचा तेव्हा मी शेजारी वही घेऊन बसायचे, मग अदलाबदल. २०१९ मध्ये दोघांची घरं वेगळी, दोघांचे कॉम्प्युटर वेगळे, आणि रात्री फोन स्पीकरवर. नाइट एल्फची सुरुवात जगाच्या पार एका टोकाला होते. तिथून माणसांच्या राजधानीला, स्टॉर्मविंडला जायचं तर आधी बोटीने ऑबर्डीन, मग दुसऱ्या बोटीने समुद्र ओलांडून मेनेथिल, तिथून पायी वेटलँड्सची दलदल आणि पुढे डन अल्गाझचे बोगदे. आमची लेव्हल चौदा, वाटेतल्या मगरींची विसाच्या पुढे. आणि या गेमचा एक नियम असा, की तुमची लेव्हल जितकी कमी तितक्या लांबूनच जनावर तुमच्या अंगावर येतं. रस्त्याच्या मधोमध चाललं तरी सुटका नाही. मी चार वेळा मेले, दादा सहा वेळा. मेलं की आत्मा होऊन स्मशानापासून आपल्या प्रेतापर्यंत धावत जायचं, उठायचं, पुन्हा पळायचं.

"अगं, पंधरा वर्षांत यांना एक रस्ता नीट करता आला नाही?" दादा फोनवर वैतागला होता. मी म्हटलं, "तू उठ आधी, मी बोगद्यापाशी उभी आहे."

त्या बोगद्यात ऑर्क नावाचे राक्षस बसलेले असतात. आम्ही दोघे तोंडाशी घुटमळत होतो, तेवढ्यात समोरून एक ड्वार्फ पॅलाडिन, म्हणजे बुटक्या वंशाचा धर्मयोद्धा आला. त्याला जायचं होतं मेनेथिलला, म्हणजे आमच्या बरोबर उलट दिशेला. तो आमच्यासमोर क्षणभर थांबला, मागे वळला आणि आमच्यापुढे चालू लागला. एकेक ऑर्क मारत गेला. पॅलाडिनचा आशीर्वाद या गेममध्ये पाच मिनिटंच टिकतो, ही आणखी एक 'उणीव'. तो संपायच्या आधी दर वेळी थांबून तो आम्हा दोघांवर पुन्हा आशीर्वाद टाकत होता. बोगद्यांपलीकडचं लॉक मोडनचं तळं दिसू लागलं तेव्हा त्याने हात हलवला आणि आला त्या वाटेने परत गेला. दादा बराच वेळ काही बोललाच नाही.

सरळ स्टॉर्मविंडला नेणारं दार सुरुवातीलाच ठेवलं असतं, तर आम्ही नक्कीच लवकर पोहोचलो असतो. पण तो ड्वार्फ आम्हाला भेटला नसता. त्याला मागे वळण्याचं कारणच पडलं नसतं. उणीव दूर करताना तिच्याबरोबर काय काय निघून जातं, हे लेखात कुठेच आलेलं नाही, आणि माझं सगळं म्हणणं तेवढ्यासाठीच आहे.

बाणांचंही तसंच. हंटरला बाण विकत घेऊन भात्यात भरून न्यावे लागतात. संपले की धनुष्य नुसतं खांद्याला. डेडमाइन्स या शत्रूंनी भरलेल्या खाणीत जायला पाच जण जमवण्यात आमचा पाऊण तास चॅटवर गेला, आणि तिच्या शेवटी असलेल्या जहाजापाशी पोहोचेपर्यंत दादाचा भाता रिकामा झाला. दुकान तिथून कुठल्या कुठे. गटातल्या दुसऱ्या हंटरने काही न बोलता देवाणघेवाणीची खिडकी उघडली आणि त्यात २०० बाण ठेवले, पुरती एक चवड. बदल्यात दादाने नाणी ठेवली, ती त्याने घेतली नाहीत. तो खेळाडू आज आमच्या गिल्डमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या कायमच्या गटात आहे. दादाचं आणि त्याचं आता माझ्याहून जास्त जमतं.

ब्लिझार्डचे तेव्हाचे एक अधिकारी जे. ॲलन ब्रॅक यांचा किस्सा जुने खेळाडू अजून सांगतात. २०१३ मध्ये ब्लिझकॉन या कंपनीच्या मेळाव्यात एकाने जुने सर्व्हर परत आणणार का असं विचारलं, तेव्हा ते म्हणाले होते, की तुम्हाला ते हवं आहे असं तुम्हाला वाटतं, पण खरं तर नको आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये नोस्टाल्रियस हा खेळाडूंनीच चालवलेला जुन्या आवृत्तीचा सर्व्हर कायदेशीर नोटिशीनंतर बंद झाला. जुना गेम अधिकृतपणे द्या, अशा मागणीच्या अर्जावर दोन लाखांहून जास्त सह्या झाल्या. आणि २०१७ मध्ये त्याच ब्रॅक यांनी व्यासपीठावरून क्लासिकची घोषणा केली. त्यांचं २०१३ चं उत्तर अनेकांना लागलं, मलाही लागलं होतं. आज मला वाटतं, ते निम्मे बरोबर होते. टँक, म्हणजे शत्रूचा मार स्वतःवर घेणारा गडी मिळावा म्हणून पाऊण तास चॅटवर हाका मारत बसणं कोणालाच हवं नसतं. पण त्या पाऊण तासात जी माणसं ओळखीची होतात ती हवी असतात, आणि ती दुसऱ्या कुठल्या रस्त्याने येत नाहीत. मूळ गेममध्ये २००९ च्या डिसेंबरात आपोआप गट जमवून डेडमाइन्ससारख्या ठिकाणी थेट आत नेऊन सोडणारी सोय आली. मी स्वतः ती आनंदाने वापरली. काही महिन्यांनी ध्यानात आलं, की आपण रोज चार माणसांबरोबर खेळतो आणि एकाचंही नाव आपल्याला आठवत नाही.

प्रत्येक सोय सुटी बघितली तर निरुपद्रवीच दिसते. म्हणून मला 'ओल्ड स्कूल रूनस्केप'ची पद्धत आवडते. तो गेम २००७ च्या ऑगस्टमधल्या बॅकअपवरून २०१३ च्या फेब्रुवारीत पुन्हा सुरू झाला आणि तिथे मोठे बदल खेळाडूंच्या मतदानाला टाकतात. पूर्वी ७५ टक्के मतं लागायची, आता ७० लागतात. साधं बहुमत ठेवलं असतं तर एकेक सोय करत करत जुना गेम कधीच संपला असता, असं मला वाटतं.

क्लासिकमधलं सगळंच जपावं असं मी म्हणत नाही. स्पेलची ती दिरंगाई २०२१ मध्ये जवळजवळ काढून टाकली, त्याचं मला काही वाटलं नाही. तिच्यामुळे कोणी कोणासाठी थांबलं नव्हतं. बॉट, म्हणजे आपोआप खेळणारे प्रोग्रॅम चालवणारे आणि खऱ्या पैशांत सोनं विकणारे तर जुन्या आठवणींच्या नावाखाली एक दिवसही खपवून घेऊ नयेत. ती गेमची उणीव नाही, चोरी आहे.

एक गोष्ट मात्र स्वीकारायला मला फार जड गेली, आणि ती आमच्याच बाजूची आहे. २००५ मध्ये मोल्टन कोअर या रेडमधला, म्हणजे मोठ्या गटाने करायच्या मोहिमेतला शेवटचा शत्रू रॅग्नॅरोस पहिल्यांदा पडायला गेम आल्यापासून पाच महिने लागले होते. २०१९ मध्ये तो पहिल्याच आठवड्यात पडला. सगळ्यांना सगळं आधीच पाठ होतं. पुढे तर लोक शहरात मिळणारं, थोडा वेळ ताकद वाढवणारं वरदान अंगावर टिकावं म्हणून ते घेऊन लॉगआउट करू लागले आणि थेट रेडच्या वेळी उगवू लागले. जपून ठेवलेलं कॅरेक्टर, त्याला खेळवायचंच नाही! शेवटी २०२१ मध्ये ती वरदानं साठवून ठेवणारी एक वस्तूच गेममध्ये द्यावी लागली. हे २००६ मध्ये माझ्या पाहण्यात नव्हतं. नियम बरेचसे तेच होते, माणसं वेगळ्या घाईची होती.

माझी ती २००६ ची वही अजून आहे. तिच्यात पानभर चुकीची माहिती आहे. बोटीच्या कठड्यावरून ठरावीक जागी उडी मारली तर एक गुप्त बेट लागतं, असं आम्ही खात्रीने लिहून ठेवलं होतं आणि त्यासाठी दोन संध्याकाळी पाण्यात घालवल्या होत्या. आज असा प्रश्न पडला की उत्तर दहा सेकंदांत मिळतं. ते न कळणं कोणी परत देऊ शकत नाही, आणि त्याचा दोष गेमला देणं अन्यायाचं आहे. हे मनाशी मान्य केलं, त्यानंतरच मला क्लासिक नीट आवडू लागला. रेडची घाई मी सोडून दिली. आता मी बहुतेक वेळ खालच्या लेव्हलच्या प्रदेशांत असते.

गेल्या आठवड्यात माझ्या भाचीने, दादाच्या लेकीने, नाइट एल्फ घेतला. रात्री तिचा फोन आला, "आत्या, मी ऑबर्डीनच्या धक्क्यावर आहे. बोट कधी येते?" वेळापत्रक नसतं, म्हटलं, उभी राहा. पलीकडे वेटलँड्स आहे हे सांगावं की नाही, असा विचार करत मी दादाला मेसेज केला, की आपल्या ओळखीच्या मेजला सांगून तिला पोर्टल, म्हणजे थेट स्टॉर्मविंडला नेणारं जादूचं दार देऊ या का. त्याचं उत्तर लगेच आलं. पोर्टल देऊ नकोस, मी डन अल्गाझच्या बोगद्यापाशी येऊन बसलो आहे.

आपली,
एक वाचक