‘जीबीएस’: ऑक्सिमीटरवर विसंबू नका

महोदय,

जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुइलेन-बॅरे सिंड्रोम (जीबीएस) या नसांच्या आजाराचे रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याची चर्चा पुष्कळ झाली. नसांचे नेमके काय बिघडते, हे मागेच पडले.

इथे जंतू स्वतः नसा कुरतडत नाही. जुलाब घडवणाऱ्या कॅम्पिलोबॅक्टर या जंतूच्या आवरणातले काही रेणू नसांवरील गँगलिओसाइड या स्निग्ध रेणूंसारखे असतात; जंतूविरुद्ध तयार झालेली प्रतिपिंडे मग नसांवरच उलटतात. म्हणूनच जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी आधी पाय, मग हात लुळे पडू लागतात.

श्वासाचे स्नायू थकत असतानाही ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो. खोल श्वास घेऊन एका दमात वीसपर्यंत मोजता येत नसेल, तर व्हेंटिलेटरची सोय असलेले रुग्णालय तातडीने गाठावे. पहिल्या आठवड्यात पाठीतल्या पाण्याचा (मणक्यातून काढलेल्या द्रवाचा) अहवाल नॉर्मल येऊ शकतो. तेवढ्यावर निर्धास्त होऊ नये.

उपचार म्हणून इम्युनोग्लोब्युलिन (रक्तदात्यांच्या रक्तातली प्रतिपिंडे) रोज किलोमागे ०.४ ग्रॅम, पाच दिवस देतात. ६० किलोच्या रुग्णाला एकूण १२० ग्रॅम. प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणेही तितकेच गुणकारी. दोन्ही पाठोपाठ केल्याने जास्त फायदा होत नाही, खर्च मात्र वाढतो. स्टिरॉइडच्या गोळ्यांचा या आजारात उपयोग नाही.

– एक मेंदूविकारतज्ज्ञ, पुणे