कालनिर्णयच्या मागचा हिशेब

ती. आई-बाबांना सा. न. वि. वि.

फोनवर आईच्या किमोसोबत येणाऱ्या खर्चाचा विषय काढला की बाबा "ते राहू दे, तू जेवलीस का?" म्हणतात, म्हणून लिहिते आहे.

निघायच्या दिवशी दुधाचा हिशेब बघायला कालनिर्णय उलटलं, तर मागे बाबांचं बारीक अक्षर. खारघरच्या हॉस्पिटलला टॅक्सी जाऊन-येऊन १७५०. पोळ्यांच्या बाई ३०००. वीजबिल २६४०, त्यापुढे कंसात 'गेल्या वेळी ११८०'. ओआरएस, तळव्यांची सालं निघतात त्यासाठी युरियाचं मलम, मऊ चपला, गावदेवीतली शहाळी. शेवटी रेघ मारून 'एफडी मोडली'. किमोचा खर्च आपण धरला होता, पॉलिसीनं त्यातला बराचसा दिलाही. हा खर्च आपल्यापैकी कुणीच धरला नव्हता.

पण आई, मला त्याहून जास्त लागलं ते दुसरंच. फ्रिजमधून दुधाची पिशवी काढताना ती तुझ्या हातातून निसटली. फरशीवर फडकं टाकत तू म्हणालीस, "काही नाही गं, मुंग्या आल्यात." ऑक्झॅलिप्लॅटिन हे किमोचं औषध घेतलं की गार वस्तूला हात लावताच सुया टोचतात, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. तरी तू गार पाण्यात भांडी विसळत होतीस. बिल बघून तू गीझर लावणंच सोडलंस, हे बाबांकडून नंतर कळलं. असं नको ना करूस. कोमट पाणी आता उपचारातच धर. आणि फ्रिज बाबाच उघडतील.

बाबा, लोकल स्वस्त पडते हे खरं. ठाण्याहून पनवेल गाडी थेट खारघरला जाते, दिव्यांगांच्या डब्यात कॅन्सरच्या रुग्णांना बसताही येतं. पण पांढऱ्या पेशी उतरलेल्या असताना तिला गर्दीत नेऊ नका. पेशी चढल्या की डॉक्टरांना विचारून ठरवू.

औषधांची बिलं टाकू नका. तुम्ही जुन्या करपद्धतीत आहात, तेव्हा ज्येष्ठ नागरिकाच्या कॅन्सरवरच्या खर्चासाठी आयकर कायद्याच्या एका कलमाखाली (१९६१ च्या कायद्यात ८०डीडीबी) १ लाखापर्यंत वजावट मिळते. पॉलिसीनं दिलेले पैसे त्यातून वजा होतात. कॅन्सरतज्ज्ञांचं प्रिस्क्रिप्शन लागतं, तेवढं पुढच्या खेपेला मागून घ्या.

गीझर, पोळ्या, शहाळी यांना कुठलं कलम नाही. ते मी भरणार. दर १ तारखेला १०,००० येतील, परत पाठवायचे नाहीत. माझ्या फीचे हप्ते कसे भरलेत ते तुम्ही मला कधी कळू दिलं नाहीत. तेव्हा मी लहान होते, आता नाही. दुसरी एफडी मोडायच्या आधी मला फोन करा, मीटिंगमध्ये असले तरी.

पुढची किमो १२ तारखेला. टॅक्सी मी इथूनच बुक करते, सकाळी ७ ला खाली येईल. आई, कपाटात खालच्या कप्प्यात सुती मोज्यांचे दोन जोड आणि हातमोजे ठेवलेत. निघताना घाल, गाडीत एसी असतो.

तुमची,
मनू