मुहूर्ताची घाई नको

पुणे, रविवार रात्र

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

काल तू म्हणालास, "३७ आठवडे झाले की सिझर करू म्हणतायत, आईनं मुहूर्तही काढलाय." मी नुसतं हं हं केलं आणि फोन ठेवला. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. तोंडावर बोलता आलं नाही ते लिहितोय.

तुमच्या पोटातल्या बाळाच्या हृदयात जो दोष सांगितलाय, आमच्या ओवीचं निदानही तेच होतं. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल. जन्मानंतर शुद्ध रक्त फुफ्फुसांतच घिरट्या घालतं आणि अशुद्ध रक्त अंगभर. पण पोटात असताना बाळाचं काही अडत नाही, कारण ऑक्सिजन वारेतून येतो. एवढं एकच तेव्हा कुणी नीट समजावलं असतं तर! आम्हाला वाटायचं, लेकरू आत गुदमरतंय, लवकर काढलं की लवकर सुटेल. आमच्या तेव्हाच्या डॉक्टरांनी ३७ आठवडे पुरे म्हटलं, आम्ही लगेच मान डोलावली.

ओवी २ किलो २०० ग्रॅमची झाली. कळा न येताच सिझर, त्यामुळे फुफ्फुसात पाणी राहिलेलं. शुद्ध-अशुद्ध रक्त थोडं तरी मिसळावं म्हणून जन्मतः उघडी असलेली एक वाहिनी औषधानं उघडी ठेवतात, प्रोस्टाग्लँडिनचं ड्रिप. त्या औषधानं बाळं मधेच श्वास घ्यायचं विसरतात. मॉनिटर वाजला की सिस्टर तिच्या तळव्याला टिचकी मारायच्या. माझ्या बोटाएवढा तो तळवा. टिचकी, एक हुंदका, मग श्वास. त्या मधल्या तीन-चार सेकंदांत मी काचेला कपाळ टेकून उभा असायचो. पुढे बेंबीतून नळी घालून, फुग्यानं हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधलं छिद्र मोठं केलं. १९६६ पासून ही युक्ती वापरतात.

खरी ओढाताण त्यानंतर. वजन वाढावं, फुफ्फुसं कोरडी व्हावीत म्हणून सर्जन थांबू बघत होते. पण फार थांबताही येत नाही. डाव्या कप्प्याला फुफ्फुसांच्या हलक्या दाबाची सवय लागते आणि काही आठवड्यांत तो ढिला पडतो. मग ऑपरेशननंतर अंगभर रक्त ढकलणार कोण? अखेर सोळाव्या दिवशी वाहिन्या अदलून बसवल्या. व्हेंटिलेटर निघायला आणखी अकरा दिवस लागले.

दोन आठवडे थांबलो असतो तर हे सगळं टळलंच असतं, असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण २०१० आणि २०११ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांत दिसलंय की हृदयदोष असलेल्या बाळांत ३९-४० आठवड्यांना जन्मलेली बाळं सगळ्यात बरी राहतात; ३७-३८ ला जन्मलेल्यांत मृत्यू आणि गुंतागुंत जास्त. शिवाय अशा बाळांच्या मेंदूची वाढ आधीच साधारण महिनाभर मागे असते, एमआरआयमध्ये ते दिसतं. त्या मेंदूला पोटातला एकेक दिवस हवा असतो रे.

वहिनींचं बीपी वाढलं, बाळाची वाढ थांबली किंवा त्याच्या अंगात पाणी साठायला लागलं, तर गोष्ट वेगळी. तिथे डॉक्टर म्हणतील तेच. तसं काही नसेल तर नुसत्या या दोषासाठी सिझरही लागत नाही, कळा देऊन बाळंतपण होतं. मात्र बाळंतपण व्हावं तिथेच, जिथे नवजात बाळांची हृदयशस्त्रक्रिया होते आणि तो फुग्याचा उपाय रात्री दोन वाजताही करता येतो. बाळ जन्मल्यावर त्याला सांगलीहून अँब्युलन्समधून आणणं आणि आईच्या पोटातून आणणं, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

उद्या डॉक्टरांना सरळ विचार: ३७ च का? बाळात किंवा वहिनींत असं काय दिसतंय? उत्तर नीट मिळालं नाही तर फाइल आणि फीटल इकोची (पोटातल्या बाळाच्या हृदयाच्या सोनोग्राफीची) सीडी घेऊन इकडे ये, ओवीच्या कार्डिओलॉजिस्टांची वेळ मी घेतो. काकूंशी मी बोलतो. मुहूर्त बघायचाच असेल तर ३९ पूर्ण झाल्यानंतरचा बघू म्हणावं.

आमची मागची खोली रिकामीच आहे. ३७ वा आठवडा लागला की वहिनींना घेऊन इथेच राहायला या, हॉस्पिटल वीस मिनिटांवर आहे. ओवीनं पाळण्याच्या जागेवरची आपली खेळणी आजच हलवली.

तुझा,
अविनाश