ग्रेट सेंट बर्नार्ड घाट ओलांडल्यावर आई-बाबांना

आओस्ता, इटली

ती. बाबा आणि ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आई, फोनवर तू पुन्हा पुन्हा एकच विचारत होतीस, वाटेत काही झालं तर तुझं कोण आहे तिथं? तेव्हा नेट तुटत होतं, म्हणून आता सविस्तर लिहिते.

काल सकाळी स्वित्झर्लंडमधल्या मार्तिन्यीहून सायकलने निघाले आणि संध्याकाळी इथे पोचले. मधे ग्रेट सेंट बर्नार्डची खिंड. मार्तिन्यी साधारण ४७० मीटरवर, खिंड २,४६९ मीटरवर. बाबा, कळसूबाई थेट समुद्रापासून चढायला घेतली तरी एवढा चढ होत नाही. ओर्सिएर गावापर्यंत अंग तापत गेलं, मग एक लय सापडली. हलका गिअर, बोलता येईल इतकाच दम लागू द्यायचा, आणि तहान लागायच्या आधी पाणी.

बूर्ग-सें-पिएरच्या पुढे रस्त्यावर काँक्रीटचं छप्पर आहे, मैलोन् मैल. वरून बर्फाचा कडा कोसळला तर तो छपरावरून दरीत जावा, रस्त्यावर येऊ नये, म्हणून. आत ट्रक शिरला की आवाज असा घुमतो की तो किती मागे आहे ते कळत नाही. हा टप्पा मला आवडला नाही, खरं सांगते. मागचा लाल दिवा चालू होता, अंगात चकाकणारं जॅकेट होतं. १९६४ साली खिंडीखालून बोगदा झाला, सगळे ट्रक तिकडे वळतात. सायकलींना बोगद्यात बंदी, त्यामुळे जुना रस्ता आपला. शेवटचे सहाएक किलोमीटर सगळ्यात खडे, पण शांत. पाण्याचा आवाज, गवतात गाई, सावलीच्या घळींत जुलैतसुद्धा बर्फ.

या भागाला ‘मृतांची दरी’ म्हणतात. आई, हे नाव तुझ्यापासून लपवणार होते. पण ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही. रोमनांच्या आधीपासून लोक ही खिंड ओलांडतात. इंग्लंडमधल्या कँटरबरीहून रोमला पायी जाणाऱ्या यात्रेकरूंची वाटही हीच. हिमवादळात कितीतरी माणसं इथे गेली. ते पाहून अकराव्या शतकात बर्नार्ड नावाच्या धर्मगुरूने अगदी माथ्यावर एक घर बांधलं, येणाऱ्या कुणालाही निवारा आणि जेवण मिळावं म्हणून. आपल्या पंढरीच्या वाटेवरची धर्मशाळाच ती. जवळजवळ हजार वर्षं ते घर चालू आहे. आजही तिथले धर्मगुरू बाराही महिने राहतात. हिवाळ्यात रस्ता बर्फाखाली जातो, तेव्हा लोक स्कीवरून येतात, तरी दार उघडंच. सेंट बर्नार्ड जातीची ती मोठी कुत्री इथलीच. त्यांतल्या बॅरीने चाळीसहून अधिक जीव वाचवले असं मानतात. १८०० साली नेपोलियन तोफा घेऊन इथून गेला, झाडांच्या पोखरलेल्या ओंडक्यांत घालून ओढत नेल्या होत्या. त्याचे फलक आहेत, पण मी जास्त वेळ त्या घराच्या दगडी जिन्यात बसले. इतक्या पायांनी पायऱ्या झिजल्यात.

तर आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर हे. कुणाचं कुणी नसलं तरी त्याची वाट पाहणारं घर या डोंगरावर माणसांनी बांधून ठेवलंय. मी तिथे गरम चहा प्यायले, कुणी माझं नाव-गाव विचारलं नाही.

पुढे तळ्याच्या काठाने जरा गेलं की इटली. पासपोर्ट कुणी पाहिला नाही. २००८ पासून स्वित्झर्लंड शेंगेन व्यवस्थेत आहे, म्हणजे आपसातल्या सीमांवर एरवी पासपोर्ट न तपासणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात. मालाच्या जकातीसाठी मात्र अधिकारी कुणालाही थांबवू शकतात, म्हणून कागद वरच्या खिशात ठेवले होते.

बाबा, उतरताना सतत तुमची आठवण. वरंधा घाटात एस.टी. नेताना तुम्ही म्हणायचात, ब्रेकवर पाय ठेवून बसायचं नाही, वळणाआधी वेग कमी करायचा आणि वळणात ब्रेक सोडून द्यायचा. अगदी तसंच केलं. आओस्तापर्यंत चौतीसेक किलोमीटर उतार, हाताची बोटं गारठून गेली. एत्रूब्लमध्ये थांबून हातमोजे बदलले आणि पोलेन्ता खाल्ला. मक्याचा भरडा घट्ट शिजवून त्यात इथलं फोंतिना चीज घालतात. आई, फोंतिना करताना वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात, म्हणून तुझ्यासाठी चीज न घालता सांगावा लागेल.

आता मुद्द्याचं. उन्हाळ्यात ओर्सिएरहून खिंडीवर बस जाते, मार्तिन्यीहून ओर्सिएरपर्यंत रेल्वे आहे. बाबांच्या गुडघ्याला काही त्रास होणार नाही. एकाच शेंगेन व्हिसावर दोन्ही देश होतात. पुढच्या जुलैत या. दोघांच्या पासपोर्टची मुदत बघून मला फोटो पाठवा, आणि डॉक्टरांना एवढ्या उंचीबद्दल विचारून ठेवा. तिकिटांचं मी बघते.

तुमची,
मनू